मूळ बोर्डिंग पास कुठून आणू?

परदेशातल्या प्रदर्शनाचं विमानभाडं सरकारकडून परत मिळावं म्हणून दिलेली माझी फाईल आज चौथ्यांदा परत आली. शेरा तोच: ‘मूळ बोर्डिंग पास जोडावा.’ अरे, कुठून आणू मी मूळ बोर्डिंग पास? विमानकंपनीनं तो मोबाईलवर पाठवला होता. मोबाईल दाखवूनच मी विमानात बसलो. पासपोर्टवर शिक्का आहे, हॉटेलचं बिल आहे, स्टॉलवर उभा असलेला माझा फोटो आहे, आणि त्या फोटोत शेजारी याच कार्यालयाचे साहेब उभे आहेत! एवढं असताना मी गेलो होतो हे सिद्ध करायला मला कागदाचा तो तुकडाच पाहिजे?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे १६ माग आहेत. टेरी टॉवेल काढतो. माग, शिलाई, पॅकिंग धरून २२ माणसं. जानेवारी २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला गेलो, ते निर्यातवाढीसाठी सरकारनं काढलेल्या कार्यालयातून माणसं इथं येऊन सांगून गेली म्हणून. ‘तुम्ही फक्त जा, विमानभाडं आम्ही परत देतो.’ म्हणजे आधी तुम्ही खिशातून घाला. दोनशे मागवाल्याला त्याचं काही वाटत नसेल. माझे ६८ हजार गेले आणि त्या महिन्यात सूतवाल्याला हात जोडून थांबवावं लागलं. ज्याला खरी गरज आहे त्यालाच आधी पैसे काढायला लावणारी ही कसली मदत?

पहिल्यांदा फाईल परत आली तेव्हा विमानकंपनीकडून प्रवासाचं पत्र आणलं. त्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर आहे म्हणून ते परत. विमानाच्या बहुतेक तिकिटांवर तसंच असतं हो! मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की हे दोघे एकच. ते पोर्टलवर टाकलं तर म्हणाले हार्ड कॉपी द्या. हार्ड कॉपी कुरियर केली तर म्हणाले पोर्टलवर दिसत नाही. शेवटी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलो. अकरा वाजता बाकावर बसलो ते साडेतीनला आत बोलावलं. समोरच्या बाईंनी अंगठा ओला करून पानं उलटली, पेन्सिलीनं यादीतल्या ‘बोर्डिंग पास’ या शब्दांवर गोल केला आणि फाईल माझ्याकडे सरकवली. ‘ऑडिटवाले विचारतात हो, आम्ही काय करणार?’ त्यांचाही दोष नसेल. मग हा नियम ज्यानं केला तो कुठं बसतो, त्याच्यापुढं मला उभं करा.

आणि यांची मार्गदर्शन शिबिरं! गेल्या वर्षीच्या शिबिरात दीड तास शाली-नारळ चालले. मला एकच गोष्ट विचारायची होती: जर्मन गिऱ्हाईक ओको-टेक्स सर्टिफिकेट (कापडात घातक रसायनं नाहीत याचं) मागतंय, ते कुठं करायचं, टॉवेलबरोबर रंगाचीही तपासणी लागते का, खर्च किती? उत्तर मिळालं, ‘वेबसाईटवर सगळं आहे.’ ते शेवटी मला शेजारच्या कारखानदारानं चहा पाजून समजावलं. तो माझा स्पर्धक आहे. त्यानं सांगावं आणि ज्यांना त्याचाच पगार मिळतो त्यांनी सांगू नये?

निर्यातीच्या कर्जावर आमच्यासारख्या लहान उत्पादकांना व्याजात ३ टक्के सवलत होती. ती ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. आमच्या धंद्यात अमेरिका हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. इथल्या ज्या निर्यातदाराचं मी जॉबवर्क करतो त्याचा माल थांबला, म्हणजे माझे माग थांबले. शिलाईच्या दोघींना मला ‘चार दिवस येऊ नका’ म्हणावं लागलं. त्याचे दोन महिने झाले. रोज गेटवर येऊन विचारायच्या, ‘मालक, काम निघालं का?’ त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये पेपरात वाचलं, निर्यात प्रोत्साहनाच्या मिशनला केंद्रानं २५,०६० कोटी मंजूर केले. एवढे कोटी वरून सोडताहेत आणि माझे ६८ हजार पेन्सिलीच्या गोलात अडकलेत!

त्या प्रदर्शनातून मला एक गिऱ्हाईक मिळालंय, खरंच मिळालंय. ३ हजार नगांची पहिली ऑर्डर, ५०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा), पांढरा. सर्टिफिकेटचे पैसे भरले की माल निघतो. दोघीही कामावर परत येतात. ते पैसे तुमच्या टेबलावर पडलेत.

सोमवारी पाचव्यांदा जातोय. या वेळी बोर्डिंग पास नसेल तर नक्की काय चालेल, ते सहीशिक्क्यानिशी लेखी घेतल्याशिवाय त्या बाकावरून उठणार नाही.