दहाला एक ऑईल का, आणि नागपूरच्या माणसाने त्यावर बोलावं की नाही

नमस्कार भाऊ, (नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे ताई असाल तर माफ करा, पण सध्या भाऊच धरून चालतो)

सीगल मोटरच्या (बोटीच्या मागे लावायचं जुनं इंग्लिश पेट्रोल इंजिन, मी दुरुस्त केलेलं) लेखाखाली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. त्या लेखात मी पेट्रोलमध्ये १०:१ म्हणजे दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑईल टाकायला सांगितलं होतं. दोन ओळीत उत्तर देऊन सोडून देणार होतो पण झोप नाही आली, म्हणून आता सविस्तर लिहितो. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी जसंच्या तसं देतो: "समुद्र न पाहिलेल्या नागपूरकराने १०:१ ऑईलचं जुनं तुणतुणं वाजवून लोकांना चुकीचं शिकवू नये, आजच्या ऑईलला ५०:१ भरपूर झालं. तलावात एवढा धूर आणि तेल सोडणं बरोबर नाही. टाकी घासून चकचकीत करून तिचा जुनेपणा घालवला. कंडेन्सर कुठला टाकला, खर्च किती आला, काहीच लिहिलं नाही."

टाकीचं आधी घेतो कारण ते मला मान्य आहे. पितळी टाकी पॉलिश केल्यावर तिच्यावरची जुनी झाक गेली, आणि काही लोकांना ती झाकच हवी असते. ज्याची त्याची आवड. तुमचा मुद्दा रास्त आहे, त्यावर वाद नाही.

आता पहिलं वाक्य. "समुद्र न पाहिलेल्या नागपूरकराने." भाऊ, हे तुम्ही काय बोलून राहिले? माझ्या लेखात कुठे लिहिलं आहे की मी समुद्र पाहिला नाही? मी नोकरीला लागलो तो रत्नागिरीत. मिरकरवाडा बंदरावर मासेमारीच्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की आमचं खरं काम सुरू व्हायचं, खारं पाणी लोखंडाचं काय करते ते मी हाताने खरवडून काढलेलं आहे. त्याच्याही आधी नागपूरच्या महाल भागात वडिलांचं गॅरेज होतं. लुना, राजदूत, येझदी, सगळा टू-स्ट्रोकचाच धंदा. शाळेतून आलो की प्लग साफ करणे आणि सायलेन्सरमधला कार्बन जाळणे हे माझं काम. पेट्रोल पंपावर हाताने दांडा मारून ऑईल मोजून देणारं ते मशीन आठवते का तुम्हाला? त्या काळात कोणत्या गाडीला किती ऑईल हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ होतं. तेव्हा टू-स्ट्रोकमध्ये ऑईल काय काम करते हे मला कोणी शिकवायची गरज नाही, निदान या भाषेत तर नाहीच.

आणि गंमत पहा, नागपूरला समुद्र नाही म्हणून टोमणा मारला तुम्ही, पण या मोटरनेच समुद्र पाहिलेला नाही. ती आली भंडारा जिल्ह्यातल्या एका जुन्या मालगुजाराच्या (म्हणजे जमीनदाराच्या) वाड्यातून. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव किती आहेत ते इकडच्या माणसाला सांगायला नको, कोहळी समाजाने बांधलेले, पिढ्यान् पिढ्या धानाला पाणी देणारे. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी त्या घरात बदकांच्या शिकारीचा शौक होता, त्यासाठी ही मोटर आणली होती. म्हणजे आयुष्यभर गोड्या पाण्यात चालली. म्हणूनच सिलेंडरभोवतीचं वॉटर जॅकेट मिठाने खाल्लेलं नव्हतं, गाळ होता तो तारेने आणि पाण्याच्या प्रेशरने निघाला. किनाऱ्यावरच्या सीगलचे ब्लॉक आतून कुजलेले निघतात, स्टड हात लावताच तुटतात. ही मोटर वाचली ती आमच्या तलावांमुळे. त्यामुळे "नागपूरकर" हा शब्द तुम्ही ज्या अर्थाने वापरला तो मला लागला, लपवत नाही.

आता १०:१. सीगल ही इंग्लंडमधल्या पूल (Poole) नावाच्या गावात बनायची, १९९६ ला उत्पादन बंद झालं. एकच सिलेंडर, टू-स्ट्रोक, फ्लायव्हीलला रस्सी गुंडाळून ओढायची. माझं मॉडेल डायरेक्ट ड्राइव्ह आहे, न्यूट्रल नाही की रिव्हर्स नाही, इंजिन लागलं की बोट निघालीच. या इंजिनाच्या क्रँकला (पिस्टनच्या खालचा फिरणारा शाफ्ट) दोन्ही बाजूंनी बॉल बेअरिंग नाहीत. ब्रॉन्झचे बुश आहेत, आपल्याकडे लेथवाले गनमेटल बुश म्हणतात तशातलेच. आणि मुख्य म्हणजे क्रँकला ऑईल सील नाहीत! आजच्या आउटबोर्डला (बोटीच्या मागे लावायच्या मोटरला) रबरी सील असतात, रोलर किंवा बॉल बेअरिंग असतात, म्हणून त्याला ५०:१ चालते. कबूल. पण इथे बुश आणि शाफ्ट यांच्यामधली जी बारीक फट आहे ती बंद करायचं काम ऑईलच करते, दुसरं कोणीच नाही.

ती फट बंद का पाहिजे? कारण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा भाग, क्रँककेस, हाच पंप आहे. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, कार्बोरेटरमधून मिश्रण आत येते, पिस्टन खाली आला की ते दाबून वर सिलेंडरमध्ये जाते. बुशमधून हवा गळली की ओढ कमी पडली, मिश्रण बिघडलं, मग तुम्ही डोंग्यात उभे राहून रस्सी ओढत बसा, इंजिन लागणार नाही, आणि लागलं तर स्लो स्पीडला बंद पडेल. वरून फ्लायव्हीलखालच्या बुशमधून ऑईल मॅग्नेटोत (स्पार्कसाठी वीज बनवणारा भाग) जाते, त्यातले पॉइंट ओले होतात, स्पार्क गायब. हे मी कुठे वाचून सांगून राहिलो असं समजू नका, वाड्यातून मोटर आणली तेव्हा हीच तिची हालत होती. फ्लायव्हील पुलर लावून उघडली तर पॉइंटवर काळा चिकट थर. साफ केले, फिलर गेजने ०.०२० इंच म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर गॅप ठेवला, बुश नवे टर्न करून घेतले, तेव्हा कुठे पाण्याच्या ड्रममध्ये लागली. (ड्रममध्ये ट्रायल घेताना पंखा (पाण्यात फिरून बोट ढकलतो तो) काढून ठेवा, न्यूट्रल नाही हे विसरू नका. वॉटर पंप शाफ्टवर आहे, त्यामुळे पंखा नसला तरी पाणी फिरते.)

आता हिशोब करा. १०:१ म्हणजे लिटरला १०० मिली ऑईल. ५०:१ म्हणजे २० मिली. पाचवा हिस्सा. तुम्ही म्हणता आजचं ऑईल चांगलं आहे. आहेच! पण चांगल्या ऑईलने बुशमधली फट कमी होत नाही, आणि रबरी सीलही उगवत नाही. ऑईलचा दर्जा आणि ऑईलचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तुम्ही एकाच वाक्यात कालवल्या आणि वर मलाच चुकीचं शिकवतो म्हणालात.

एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो, कारण मी तुमच्यासारखं अर्धवट बोलत नाही. कंपनीने नंतरच्या मॉडेलांना स्वतःच २५:१ केलं. जुन्या मॉडेलला ते करता येते, पण त्यासाठी कार्बोरेटरचं जेट-नीडल बदलावं लागते, कारण ऑईल कमी केलं की त्याच जेटमधून पेट्रोल जास्त जाते आणि मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते. म्हणजे २५:१ वर चर्चा होऊ शकते. तुम्ही २५:१ म्हणाला असता तर मी हे पानभर लिहिलंच नसतं, चहा प्यायला बोलावलं असतं. पण तुम्ही डायरेक्ट ५०:१ म्हणाले, आणि तेही "भरपूर". भाऊ, तुम्ही सीगलचं क्रँककेस एकदा तरी उघडून पाहिलं आहे का? नसेल तर नसेल, त्यात कमीपणा काही नाही, पण मग समोरच्याला "तुणतुणं" म्हणू नये. माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये ऑईल वाचवायच्या नादात इंजिन जाम करून बसलेले लोक गाडी ढकलत यायचे, आणि येताना "आजकालचं ऑईल चांगलं असते" हेच वाक्य त्यांच्याही तोंडात असायचं.

धुराचं म्हणाल तर हो, धूर होतो, पाण्यावर तेलाचा तवंगही दिसतो. पण मी ही मोटर अंबाझरीत किंवा पिण्याच्या पाण्याच्या गोरेवाड्यात चालवून नाही राहिलो, ओळखीच्यांच्या गावच्या तलावात अधूनमधून थोडा वेळ चालवतो. तेवढीच काळजी असेल तर शहराचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या नाग नदीबद्दल आधी लिहा. या विषयावर मला अजून काही बोलायचं नाही.

कंडेन्सर (मॅग्नेटोतला पॉइंटसोबतचा छोटा भाग) जुन्या स्कूटरचा बसवला, स्पेअरवाल्याकडे सहज मिळाला, तो काही बाहेरदेशातून मागवायची गरज नसते. गिअरबॉक्सला १४० नंबरचं गिअर ऑईल, ट्रॅक्टरवाल्यांकडे मिळते तेच. थोडं पाणी आत जाऊन ते पांढरं होते, घाबरू नका, ही गिअरबॉक्स पूर्ण सीलबंद नाहीच. खर्च मी मुद्दाम लिहिला नव्हता आणि लिहिणारही नाही, आकडा टाकला की खाली फक्त आकड्यावरच भांडणं होतात.

हां, पेट्रोलबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण खरी काळजी तिथे आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, जुने रबरी पाइप फुगवते, आणि ज्या जुन्या मोटरांच्या कार्बोरेटरमध्ये शेलॅक लावलेला बुचाचा फ्लोट असतो त्याचा लेप त्याने विरघळतो. म्हणून मी नवीन पाइप टाकला, आणि दर वेळी काम झालं की टाकी पूर्ण रिकामी करतो, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. चुकीचं काय शिकवलं जाते हे शोधायचंच असेल तर "पेट्रोल ठेवलं तरी चालते" म्हणणाऱ्यांना पकडा.

तुमची प्रतिक्रिया मी डिलीट करणार नाही, तिथेच राहील. मात्र ज्यांच्याकडे अशी जुनी, ब्रॉन्झ बुशवाली मोटर आहे आणि जे कार्बोरेटरला हात लावणार नाहीत, त्यांनी त्या प्रतिक्रियेवरून ५०:१ टाकू नये म्हणून हे उत्तर मी तिच्या लगेच खाली पिन करून ठेवतो. आणि भाऊ, तुमच्याकडे खरंच जुनी सीगल ५०:१ वर चालू असेल तर मॉडेल कोणतं, कार्बोरेटर कोणता आणि बुशचं क्लिअरन्स किती, ते मोजून लिहा. पुढचा लेख मॅग्नेटोवर आहे, त्याच्या आधी लिहिलं तर बरं होईल.