‘०.२ टक्के’वाला मजकूर व्यापाऱ्यांच्याच भरपाईच्या मागणीवर पाणी फिरवतो

कोरोनाकाळातल्या दुकानबंदीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानेच सिद्ध केलंय की लॉकडाऊनमुळे मृत्यू फक्त ०.२ टक्क्यांनी कमी झाले. स्वीडनने काहीच बंद केलं नाही, तिथे काही बिघडलं नाही. किराणा चालू आणि कापडदुकान बंद, मग कोरोना काय कापडातून पसरतो? महाराष्ट्रातली लाट आपोआप ओसरली, दुकानदार मात्र फुकट भरडला गेला.’ यातलं ‘भरडला गेला’ एवढं खरं आहे. बाकी एकेक मुद्दा तपासू.

आधी तो आकडा. जानेवारी २०२२ मध्ये आलेला हा निबंध योनास हेर्बी, लार्स योनुंग आणि स्टीव्ह हँके या तीन अर्थशास्त्रज्ञांचा. त्यातले हँके अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे. निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून जाण्याआधीच तिथल्या एका मालिकेत प्रसिद्ध झाला, त्यामुळे ‘विद्यापीठाने सिद्ध केलं’ हे म्हणणं चूक. लेखकांनी १८,५९० नोंदी चाळून २४ अभ्यास आकडेमोडीत घेतले. ०.२ हा आकडा त्यातल्या फक्त सात अभ्यासांचा, आणि त्या सरासरीतही जवळजवळ सगळं वजन एकाच अभ्यासाचं. शिवाय त्यांची ‘लॉकडाऊन’ची व्याख्या म्हणजे सरकारने सक्तीने लावलेला कुठलाही एक निर्बंध, अगदी मास्कसक्तीसुद्धा. काळ २०२० च्या वसंतातला, प्रदेश युरोप आणि अमेरिका. एप्रिल २०२१ मधल्या अमरावतीला किंवा पुण्याला तो लावायचा कसा?

मजकूर पुढे पाठवणारे एक ओळ नेहमी गाळतात. त्याच निबंधात, अत्यावश्यक नसलेले व्यवसाय बंद ठेवल्याने मृत्यू सुमारे १०.६ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे, आणि लेखकांच्या मते त्याचं कारण बहुधा बार बंद असणं हे होतं. हा आकडाही मोजक्या अभ्यासांवर उभा आहे, त्यामुळे त्याचाही झेंडा करू नये. पण ‘दुकानबंदी निरुपयोगी’ म्हणून जो कागद नाचवला जातो, त्यातच दुकानबंदीचा परिणाम इतर बहुतेक उपायांपेक्षा जास्त दाखवला आहे. २०२३ च्या विस्तारित आवृत्तीत तर खुद्द लेखकांचा ०.२ चा आकडा ३.२ वर गेला.

स्वीडनबद्दल थोडक्यात. तिथे सरसकट टाळेबंदी झाली नाही, हे खरं. ‘काहीच बंद नव्हतं’ हे खोटं. मार्च २०२० मध्ये उच्च माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं ऑनलाइन गेली, ५० पेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी आली, हॉटेलात फक्त टेबलावर बसून खाण्याची मुभा राहिली. नोव्हेंबरमध्ये जमावाची मर्यादा आठवर आली आणि रात्री दहानंतर दारूविक्री थांबली. जानेवारी २०२१ च्या साथ कायद्याने दुकानात दर १० चौरस मीटरला एक माणूस असा हिशेब लागू झाला. जून २०२० अखेर तिथले मृत्यू पाच हजारांवर होते. निम्म्याच लोकसंख्येच्या शेजारच्या नॉर्वेत अडीचशेच्या आसपास. तीन वर्षांचे एकूण जादा मृत्यू, म्हणजे नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त झालेले मृत्यू, पाहिले तर स्वीडन युरोपात चांगल्या स्थितीत दिसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिथे सर्दी-खोकल्याने घरी बसणाऱ्या कामगाराचा पगार आणि उलाढाल बुडालेल्या धंद्याला मदत, दोन्हीची सोय सरकारने केली होती. स्वीडनचं उदाहरण देणाऱ्यांनी तेही मागावं.

‘किराणा चालू, कापड बंद’ हा मुद्दा जास्त गंभीर, कारण त्यात राग बरोबर आहे आणि तर्क अर्धवट. कोरोना मालातून पसरल्याचं उदाहरण विरळाच. तो पसरतो बंद जागेतल्या हवेतून, आणि त्यात वेळ महत्त्वाचा. किराण्याच्या उघड्या काउंटरवर गिऱ्हाईक दहा मिनिटं उभं राहतं. लग्नाच्या साड्या घ्यायला पाच-सहा जणांचं कुटुंब काचेचं दार लावलेल्या दुकानात गादीवर तास-दीड तास बसतं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझौमधल्या एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या दहा जणांना लागण झाली, तिथेही बाहेरची हवा आत येत नव्हती. दुकान आणि दुकान यांत फरक करायला आधार होता, तो असा.

फक्त महाराष्ट्र सरकारच्या एप्रिल २०२१ च्या आदेशाने हा फरक या आधारावर केला नाही. ‘अत्यावश्यक’ आणि ‘इतर’ अशा दोनच पेट्या केल्या. इलेक्ट्रिकचं किंवा हार्डवेअरचं रस्त्याकडे उघडं असलेलं दुकान, जिथे पाच मिनिटांत काम होतं, ते साडीच्या शोरूमसारखंच बंद झालं. ४ एप्रिल २०२१ ला शनिवार-रविवारच्या बंदचीच चर्चा झाली, आणि आदेश हातात पडला तेव्हा आठवड्याचे सातही दिवस शटर खाली ठेवायचं असल्याचं कळलं. त्याच आदेशात ऑनलाइन विक्री चालू होती. तीही अत्यावश्यक मालापुरतीच, हे १४ एप्रिलपासून लागू झालं.

मग २० एप्रिलला किराणा-भाजीची वेळ सकाळी ७ ते ११ केली, ही तर सरळ चूक. हिशेब करून बघा. दिवसाला ६०० गिऱ्हाइकं, प्रत्येकाला दहा मिनिटं. सकाळी ७ ते रात्री ८ दुकान उघडं असेल तर एका वेळी सरासरी आठ माणसं. चार तासांत तीच माणसं आली तर पंचवीस. गर्दी कमी करायची तर वेळ वाढवायची आणि आतली संख्या बांधायची. इथे वेळच कापली गेली.

‘लाट आपोआप ओसरली’ हे निकालात काढणं सोपं नाही. मुंबईत त्या लाटेतली एका दिवसातली सर्वाधिक नोंद ४ एप्रिलला, ११,१६३ रुग्णांची. लागण झाल्यापासून लक्षणं, चाचणी आणि अहवाल यांत साधारण दहा दिवस जातात. म्हणजे मुंबईची वाढ दुकानबंदीआधीच मंदावत होती, आणि तिचं श्रेय या आदेशाला देता येत नाही. राज्याचं चित्र वेगळं. सर्वाधिक नोंद १८ एप्रिलला, ६८,६३१. १४ एप्रिलच्या संचारबंदीचा परिणाम महिनाअखेरीस दिसायला हवा होता, आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून आकडा उतरत गेला. ३१ मेला १५,०७७. यात आधी होऊन गेलेल्या लागणीचाही वाटा असणार. नेमका किती कशाचा, हे एका राज्याच्या आलेखावरून सांगता येत नाही, ‘आपोआप’ म्हणणाऱ्यालाही नाही.

शिवाय तेव्हाचा प्रश्न ऑक्सिजनचा होता. राज्याचं उत्पादन दिवसाला साडेबाराशे टनांच्या आसपास, आणि मागणी त्यापुढे गेलेली. ७ घनमीटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने सुमारे २३ तास पुरतो. हाय-फ्लो यंत्रावर ६० लिटरने तोच दोन तासांच्या आत संपतो. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला निघाली, ती भरून नागपूर-नाशिकला यायला चार-पाच दिवस लागले. त्या दिवसांत रोज येणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या थोडी जरी कमी झाली, तरी त्याला मोल होतं.

आता ‘भरडला गेला’ याबद्दल. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला, देशव्यापी लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. २०२१ चा १३ एप्रिलला, पुन्हा शटर बंद. दोन्ही वर्षांची अक्षय्य तृतीया बंदमध्ये, लग्नसराईही गेली. उधारीवर भरलेला माल तसाच पडून. राज्याच्या ५,४७६ कोटींच्या पॅकेजमध्ये नोंदणीकृत फेरीवाले, रिक्षावाले आणि बांधकाम कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. भाड्याच्या गाळ्यातल्या दुकानदाराला रोख काही नाही. केंद्राच्या हमीवरचं कर्ज ज्यांचं आधीच कर्ज होतं त्यांच्यासाठी, हप्त्यांची सवलत घेतली तरी व्याज चालूच, केंद्राच्या योजनेतून फेरीवाल्यांना मिळणारे दहा हजारही कर्जच. जर्मनीत नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पाडलेल्या हॉटेलांना आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या उलाढालीच्या ७५ टक्क्यांपर्यंत थेट मदत होती.

म्हणूनच हा मजकूर व्यापाऱ्यांच्या तोट्याचा आहे. दुकानबंदीने कुणाचंच भलं झालं नाही म्हटलं, तर उरते फक्त जुनी चूक. तिने सगळ्यांचा धोका कमी झाला म्हटलं, तर ज्याच्या शटरच्या जिवावर तो कमी झाला त्याची भरपाई सगळ्यांनी द्यायला हवी. किरकोळ दुकानाला ती उलाढालीवर नको, कारण न विकलेला माल शिल्लक असतो. ठरावीक खर्चावर हवी. समजा गाळ्याचं भाडं ४०,०००, दोन नोकरांचा पगार २४,०००, वीज-देखभाल ६,०००. एकूण ७०,०००. सत्तर टक्के धरले तर महिन्याला ४९,००० रुपये. पुरावा म्हणून भाडेकरार, बँकेचा उतारा आणि आदल्या वर्षीचं त्याच महिन्याचं जीएसटी विवरणपत्र. जीएसटीत नसलेल्यांना गुमास्ता परवाना आणि वीजबिल. ही तरतूद बंदच्या आदेशातच, त्याच तारखेला लिहिलेली असावी.