लेकराची खाज, जायफळाचं चाटण आणि एक फिरता मेसेज

नागपुरातल्या माझ्या औषधाच्या दुकानात लोक आता डॉक्टरांच्या चिठ्ठीऐवजी मोबाइल पुढे करतात. सध्या ज्या मेसेजचा जोर आहे, तो भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, बाळंतिणीच्या माहेरच्या ग्रुपवर, सगळीकडे शब्दश: तोच आहे. मजकूर थोडक्यात असा:

“बाळ रात्रभर अंग खाजवून रडते? घाबरू नका. ही पोटातली उष्णता आहे, ती बाहेर पडू द्या. मलम लावले तर आत दबते आणि पुढे दमा होतो. साबण-क्रीम बंद करा, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला. बेसन, हळद, सायीने अंग घासून मोहरीचे तेल चोळा. भरपूर पावडर लावा. आईने दूध, दही, अंडी, वांगे, शेंगदाणे सोडावेत. झोपताना जायफळ मधात उगाळून चाटवा. तीन रात्रींत गुण.”

यातलं काही निरुपद्रवी आहे, काही नुसतं निरुपयोगी. चाटणाचं वाक्य मात्र धोक्याचं आहे, म्हणून आधी तेच घेते.

“जायफळ मधात उगाळून चाटवा”

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटभर नाही, पहिल्या दिवशी सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा तोही नाही. मधात बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना रुजू देत नाही, तान्ह्याचं देतं. मग शी अडते, दूध ओढण्याचा जोर जातो, रडणं क्षीण होतं, मान टाकल्यासारखी होते. मध घरच्या ओळखीच्या माणसानं आणलेला ‘शुद्ध’ असला तरी बीजाणू त्यात असू शकतात, आणि तो उकळूनही ते मरत नाहीत.

जायफळाचं म्हणाल तर ते खरंच गुंगी आणतं, म्हणूनच ते वाईट. त्यातलं मिरिस्टिसिन जास्त झालं की मोठ्या माणसालाही धडधड, तोंडाला कोरड, भ्रम होतो. सहाणेवर दोन वेढे घेतले की किती उतरलं, हे आजपर्यंत कुठल्याही आजीनं मोजलेलं नाही. चार-पाच किलोच्या जिवाला तेवढा अंदाज पुरत नाही. आणि गुंगीत बाळ शांत पडलं तरी खाज तिथेच असते. आपण फक्त त्याचं सांगणं बंद केलेलं असतं.

ही सवय जुनीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची ‘बाळागोळी’ देत, कारण पाळीला जायचं तर पोर झोपलेलं हवं. त्यांची मजबुरी समजते. आज काउंटरवर तीच मागणी वेगळ्या शब्दांत येते: “ताई, ते सर्दीचं सिरप द्या ना, त्यानं पोट्टं छान झोपतं.” क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. शिवाय २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपनं किडन्या निकामी होऊन नागपूरच्याच दवाखान्यांत आली होती आणि त्यातली कित्येक परत गेली नाहीत. तो प्रश्न भेसळीचा होता, झोपेच्या औषधाचा नाही, हे मान्य. पण त्यानंतर तरी या शहरात “थोडं सिरप देऊन पाहू” हे वाक्य सहज निघू नये.

“पोटातली उष्णता आहे, बाहेर पडू द्या”

मे २०१३ मध्ये ४७.९ अंश बघितलेल्या गावात उष्णतेचं कारण कुणालाही पटतं. घामोळ्यांच्या बाबतीत ते अर्धं बरोबरही आहे, फक्त उष्णता पोटातली नसते, खोलीतली असते. घामाच्या नळ्या तुंबतात, मानेच्या वळ्यांत, पाठीवर बारीक लाल पुरळ येतं. अंग गार आणि कोरडं राहिलं की ते काही दिवसांत आपोआप जातं.

पण जे लेकरू महिनोन्‌महिने गाल उशीला घासतं, ज्याच्या गालावर, डोक्यावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत लाल चट्टे आहेत आणि लंगोटाची जागा मात्र बहुधा स्वच्छ आहे, त्याला घामोळ्या नाहीत. तो बालदमा-ॲलर्जीच्या कुळातला इसब, डॉक्टर ज्याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. अनेकदा तो पहिल्या सहा महिन्यांतच सुरू होतो. अशा पुष्कळ मुलांच्या त्वचेचा वरचा थर जन्मत:च कमकुवत असतो. तो घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचं नातं स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं. माठ पाझरतो तसं या कातडीतून पाणी बाहेर झिरपत राहतं, आणि बाहेरचं साबण, धूळ, घाम आत शिरून आग करतं.

रात्रीच खाज का वाढते, यालाही कारण आहे. संध्याकाळनंतर त्वचेचं तापमान वाढतं, तिच्यातून पाणी जास्त उडतं, आणि शरीरात तयार होणारं, सूज आवरणारं कॉर्टिसोल रात्री सगळ्यात कमी असतं. दिवसा खेळण्यात मन रमतं, रात्री दुसरं काही नसतं. म्हणजे बाळ ‘नखरे’ करत नाही, आणि “याला सारखं घेऊन घेऊन सवय लावली” हा आईवरचा आरोपही खोटा.

थंडीत हे वाढतं, हेही ‘उष्णते’च्या गोष्टीत बसत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता. अशा कोरड्या हवेत लोकरीचं स्वेटर थेट अंगावर आणि कानटोपी गालापर्यंत, की इसबवाल्या लेकराची रात्र गेलीच. आत सुती झबलं घाला, स्वेटर त्यावर.

“मलम लावले तर आत दबते आणि दमा होतो”

हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण त्यात एक खरी गोष्ट उलटी टांगलेली आहे. इसब असलेल्या मुलांना पुढे दमा किंवा सततची सर्दी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. पण ही एकाच प्रवृत्तीची वेगवेगळ्या वयातली रूपं. ज्यांचा इसब जोरदार त्यांना मलमही जास्त लागलं आणि दमाही जास्त झाला. बघणाऱ्यांनी मधल्या मलमाला धरलं. पुरळाला ‘आत’ जायला वाट नसते.

इसबाच्या मलमांत सूज उतरवणारं जे स्टेरॉइड असतं, त्याची भीती मात्र हवेतून आलेली नाही, आणि इथे माझ्याच धंद्याकडे बोट करावं लागेल. नायट्यासाठी म्हणून जी तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली ट्यूब मिळते, तिच्यात अनेकदा क्लोबेटासोलसारखं अतिशय जोरकस स्टेरॉइड असतं. ती घरात असतेच, आजोबांच्या नायट्यावर लावून उरलेली. तीच नातवाच्या लंगोटाच्या जागी लावली जाते. दोन दिवसांत लाली जाते, सगळे खूश. मग आठवडेच्या आठवडे लावत राहतात. कातडी पातळ होते, बुरशी खालून पसरते, आणि औषध रक्तात उतरून बाळाचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाल्याची, त्याच्या शरीराचं स्वत:चं कॉर्टिसोल बंद पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर ती किती पाळली जाते, हे नागपूरकरांना माझ्याइतकंच माहीत आहे.

तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवा. बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ तान्ह्याला सौम्य स्टेरॉइड, बहुधा एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, मोजक्या दिवसांसाठी, फक्त लाल चट्ट्यांवर लिहून देतात. ते उपचार आहेत. प्रमाण विचारा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीनं त्याच्या चौथाई लावायचं, बरं वाटताच तिसऱ्या दिवशी सोडायचं आणि परत उसळलं की “गुणच नाही” म्हणायचं, हे मी रोज ऐकते.

“साबण-क्रीम बंद, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ”

साबण कमी करा, हे बरोबर. मेसेजला पूर्ण गुण द्यावेत असं हे एकच वाक्य. पण त्याला ‘क्रीम’ जोडून टाकलं की सगळं ओमफस. अशा कातडीला ओलावा धरून ठेवणारं, बिनवासाचं जाड क्रीम किंवा साधं पेट्रोलियम जेली हेच मुख्य औषध, बाकी सारं त्यानंतर. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं अंघोळ, पंचानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम. दिवसातून दोन-तीनदा, हात सैल सोडून. एक छोटी ट्यूब तुम्हाला महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही क्रीम नुसतं दाखवताय, लावत नाही.

कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकून कुणी दगावत नाही, पण फुटलेल्या कातडीला त्यानं चरचरू शकतं. पाण्यात काहीतरी ‘टाकण्या’चा मोहच फोल दिसतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली इसबाच्या मुलांवर अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या महागड्या तेलांचा मोठा अभ्यास झाला, त्यात वेगळा फायदा दिसला नाही. बोअरचं जड पाणी टाळून बिसलेरीनं अंघोळ घालणारेही मला भेटलेत! जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतो खरा, पण २०११ च्या ब्रिटिश चाचणीत घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवूनही मुलांचा इसब कमी झाला नाही. ते पैसे क्रीमवर घाला. कडुलिंबाचं तेल मात्र पोटात कधीच देऊ नका, त्यानं तान्ह्यांच्या मेंदूवर आणि यकृतावर परिणाम होऊन जीव गेलेले आहेत.

“बेसन, हळद, सायीने घासून मोहरीचे तेल”

मालिशवाली बाई बेसनाच्या गोळीनं लव काढते, आणि आधीच सोललेल्या कातडीचं उरलंसुरलंही काढते. त्यात फाटक्या त्वचेवर अन्न चोळलं की शरीर त्याच अन्नाला शत्रू समजायला शिकू शकतं. शेंगदाणा तेल असलेली क्रीमं लावलेल्या इसबाच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळल्याचं २००३ मध्ये ब्रिटनमध्येच दिसून आलं होतं. मोहरीचं तेल झोंबतं, हे चाखून बघणाऱ्यालाही कळतं. प्राण्यांवरच्या प्रयोगात त्यानं त्वचेचा थर भरून यायला उशीर झाला, सूर्यफुलाच्या तेलानं तो लवकर भरला. मालिश हवीच असेल तर हलक्या हातानं खोबरेल चालेल. फिलिपिन्समधल्या २०१४ च्या अभ्यासात व्हर्जिन खोबरेल इसबाच्या मुलांना खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. ती मुलं तान्ही नव्हती, थोडी मोठी होती, एवढं लक्षात ठेवून.

मालिशीनंतरची ओवा-लसणाची धुरी या लेकरांना नको. मच्छर अगरबत्तीचा धूरही नको, मच्छरदाणी लावा.

“भरपूर पावडर लावा”

नको. भुकटी श्वासातून फुफ्फुसात जाते, आणि घाम-पावडरचा लगदा वळ्यांत साचून घासतो.

“आईने दूध, दही, अंडी, वांगे, शेंगदाणे सोडावेत”

अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि हा मेसेज तिचं निम्मं ताट काढून घेतो. वांग्याचा काही संबंध नाही. काही बाळांना, विशेषत: इसब फार तीव्र असेल तर, गाईच्या दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असू शकते. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक पदार्थ थोडे दिवस थांबवून, परत सुरू करून तपासायचं असतं. “बाप्पा, काय खाल्लं होतं तू?” हा प्रश्न रात्री दोन वाजता बाळंतिणीला विचारायची गरज नाही.

मेसेजनं जे विचारलंच नाही

घरात आणखी कुणी खाजवतंय का? आईच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे का? रात्री अंथरुणात सगळ्यांचीच खाज वाढते का? तर ती खरूज असू शकते. तान्ह्यात ती तळहात-तळपायांवर फोडांसारखीही दिसते. तिच्यावर क्रीम, तेल, पाला काही चालत नाही. पर्मेथ्रिनचं औषध डॉक्टर सांगतील तसं घरातल्या प्रत्येकानं एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. कपडे-चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात. एकट्या बाळाला लावलं की पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. इथे दुकानातून अंदाजानं ट्यूब नेऊ नका. नागपूरची सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो आणि एम्स, तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे.

“तीन रात्रींत गुण”

इसबाला तीन रात्रींचा वायदा करता येत नाही. तो कमी-जास्त होत राहतो आणि पुष्कळ मुलांचा वय वाढेल तसा निवळतो. आजची रात्र मात्र थोडी हलकी करता येते. झोपायच्या आधी अंघोळ आणि लगेच क्रीम. नखं कापून कडा घासलेली. अंगात एकच सैल सुती झबलं. मे महिन्यात कूलर चालू, पण झोत थेट बाळावर नाही आणि खिडकी उघडी. पावसाळ्यात त्याच कूलरनं दमट होतं, तेव्हा पंखा बरा. मध्येच खाजवत उठलं तर ओला गार सुती फडका चट्ट्यावर पाच मिनिटं, मग फ्रिजमध्ये ठेवलेलं क्रीम. झोपवायचं पाठीवरच, आणि मोहरीची उशी काढून टाका.

या गोष्टी असतील तर तीन रात्री काय, एकही थांबू नका: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, चट्ट्यांवर पिवळी खपली किंवा पू, एकसारख्या बारीक फोडांचा झुबका जो फुटून खळगे पडतात, लेकरू दूध ओढत नाही किंवा हाक मारून नीट जागं होत नाही. मेडिकल आणि मेयोची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.