तुमचा सगळ्यात चांगला फोटो मला दाखवू नका

पोर्ट्रेट फोटोग्राफी आजवर हौस म्हणून केली, आता त्यावरच पोट भरायचं ठरवलंय, असं सांगत कुणी ना कुणी मला फोटो दाखवायला येतं. सोबत निवडून, एडिट करून ठेवलेले थोडेसे फोटो असतात. ते चांगलेच असतात आणि मी मनापासून तसं सांगतेही. मग मी म्हणते, आता मागच्या एखाद्या शूटच्या सगळ्या फ्रेम्स दाखव. मेमरी कार्डवरून उतरल्या तशा, क्रमाने, एकही न गाळता. इथे बहुतेक जण गडबडतात. "ताई, ते अजून कच्चे आहेत." मला कच्चेच बघायचे असतात.

हौशी माणसाला उत्तम फोटो काढता येत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. अनेकांची सर्वोत्तम फ्रेम आयुष्यभर हाच धंदा केलेल्या माणसाच्या तोडीची असते. पण हौस करताना चेहरा आपण निवडतो, वेळ आपण निवडतो, उजेड आवडला तरच कॅमेरा बाहेर काढतो आणि जे जमलं नाही ते कुणाला न दाखवता डिलीट करतो. पैसे घेतले की यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. समोर येईल तो माणूस, मिळेल ती खोली, ठरलेली वेळ. त्यात तो माणूस बरेचदा "माझे फोटो चांगले येतच नाहीत" म्हणत आत शिरतो. तुमच्या पोर्टफोलिओतल्या देखण्या फोटोशी त्याला देणंघेणं नसतं, त्याला स्वतःचा फोटो हवा असतो. म्हणून व्यावसायिक फोटोग्राफरची पत त्याच्या सर्वोत्तम फोटोवर ठरत नाही. त्याने क्लायंटच्या हातात ठेवलेल्या सगळ्यात कमकुवत फोटोवर ती ठरते. आणि आपण मात्र मत मागायला नेमका उत्तम फोटोच पुढे करतो! त्यावर कितीही प्रामाणिक टीका मिळाली तरी व्यवसायाला लागणारं त्यातून फारसं काही शिकायला मिळत नाही.

एका शूटचं सांगते, म्हणजे माझा मुद्दा कळेल. एक मुलगा एका वकीलबाईंचे फोटो घेऊन आला होता. बाईंना ते वेबसाइटसाठी हवे होते. खिडकीशेजारी बसवलेलं, उजेड एका बाजूने, चेहरा अर्धवट वळलेला, चष्मा. त्याने निवडलेली फ्रेम खरंच सुंदर होती. मग आम्ही सगळं शूट पहिल्यापासून बघितलं.

जवळचा डोळा लख्ख शार्प आणि पलीकडचा सॉफ्ट, म्हणजे धूसर, असं जवळपास प्रत्येक फ्रेममध्ये झालं होतं. लेन्स ८५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ १.४ (म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक भरपूर उघडं; आकडा वाढला की ते लहान होतं), बाई दोनेक मीटरवर. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर या हिशेबाने साधारण ४.५ सेंटीमीटर खोलीच शार्प येते, म्हणजे फोकसच्या पुढे दोन-अडीच आणि मागे दोन-अडीच. माणसाच्या दोन बाहुल्यांत सहाएक सेंटीमीटर अंतर असतं. चेहरा ४५ अंशात वळला की पलीकडचा डोळा चारएक सेंटीमीटर मागे जातो. तो शार्प येणारच नव्हता. एफ ४ वर हीच खोली १३ सेंटीमीटरच्या आसपास जाते, दोन्ही डोळे आरामात बसतात आणि मागची भिंत लांब असली तर ती तेवढ्यातही विरघळते. लेन्स महागाची घेतली म्हणून ती कायम पूर्ण उघडी ठेवायची, ही सवय हौशी लोकांत इतकी मुरलेली असते की ती सवय आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. एकाच फोटोत ती "मूड" म्हणून खपून जाते. सलग शंभर फ्रेम्स बघितल्या की उघडी पडते.

चष्म्याच्या काचेत खिडकी दिसत होती. काही फ्रेम्समध्ये तर बुबुळच झाकलं गेलं होतं. ही अडचण सोडवणं सोपं आहे. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब लेन्सकडे येत नाही. नाहीतर हनुवटी जराशी खाली घ्यायची, किंवा खुर्ची थोडी फिरवायची. कानामागे पडद्याची एक पांढरी पट्टी येत होती, आणि नजर फोटोतल्या सगळ्यात उजळ जागेकडे आधी जाते. हात टेबलावर, पण बोटं फ्रेमच्या कडेने नेमकी पेरांवर कापलेली. हे सगळं मी त्याला सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं.

पण त्या शूटमधली खरी गोष्ट याहून वेगळी होती. पहिल्या काही फ्रेम्समध्ये बाईंचा चेहरा मोकळा होता. मग हळूहळू ओठ घट्ट होत गेले, खांदे वर आले, भुवया किंचित उचलल्या गेल्या. मी त्याला विचारलं, "प्रत्येक क्लिकनंतर तू स्क्रीन बघत होतास का?" तो हो म्हणाला. तो स्क्रीनकडे बघायचा आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघायच्या, नीट आलं की नाही म्हणून. त्याने कपाळाला आठी घातली की यांना वाटणार, आपलंच काहीतरी चुकलं. तो प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर बसला आणि पुढच्या प्रत्येक फोटोत उतरला. एखाद-दुसऱ्या फोटोवरून हे कुणालाही सांगता आलं नसतं. अमुक फोटोत हावभाव अवघडलेला आहे, एवढंच कळलं असतं. तो कधीपासून आणि कशामुळे अवघडला, हे फक्त क्रमाने बघितल्यावर दिसतं. उजेड एकदा बसला की स्क्रीन बंद करायची आणि माणसाशी बोलत राहायचं, हे व्यवसायात मला कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

टीका करणाऱ्यांचीही इथे एक गफलत होते. पट्टी, कापलेलं बोट, वाकडी भिंत ही दिसायला सोपी, म्हणून सगळे तीच पकडतात. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा १९३६ सालचा 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) हा फोटो घ्या. मूळ फोटोत खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा येतो. लँगना तो इतका खटकला की काही वर्षांनी त्यांनी तो निगेटिव्हवरून पुसून घेतला, आणि तो पुसला म्हणून त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर नाराज झाले. आज तो अंगठा असलेली आणि नसलेली, दोन्ही रूपं बघायला मिळतात. आणि दोन्हींत आपण बघत राहतो तो त्या आईचा चेहराच. सगळे दोष एका मापाचे नसतात. आधी चेहऱ्याबद्दल बोला, अंगठ्याचं नंतर. ज्याला हा क्रम कळत नाही त्याची टीका प्रामाणिक असूनही कामाची नसते.

"मस्त", "अप्रतिम", "कडक" यांनी काही होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण "काहीतरी कमी वाटतंय" यानेही काहीच होत नाही. आणि फाडून बोलणं म्हणजे प्रामाणिक बोलणं, हा समज तर मला मनापासून नकोसा वाटतो. नवशिक्याचा पाणउतारा करणाऱ्याने बहुतेक वेळा फोटो नीट बघितलेलाच नसतो. चांगली टीका फोटोतल्या एका जागेवर बोट ठेवते. इथे असं दिसतंय, हे यामुळे झालंय, पुढच्या वेळी हे करून बघ. मग ती गोड शब्दांत सांगा नाहीतर कडक, माझी हरकत नाही.

आणि फोटोग्राफी न कळणाऱ्यांना जरूर विचारा. फक्त "फोटो कसा आहे?" असं विचारू नका, उत्तर छानच येणार. "हा माणूस तुला कसा वाटतो?" असं विचारा. त्या वकीलबाईंबद्दल कुणी म्हणालं, "जरा घाबरलेल्या वाटतात," तर विषय संपला. वकिलाचा फोटो आहे तो.

चेहऱ्याच्या ठेवणीबद्दल थोडंसं. नाक मोठं दिसतंय म्हणून लेन्सला दोष देतात. खरं तर तो अंतराचा परिणाम असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत १२ सेंटीमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर कान नाकापेक्षा २४ टक्के लांब पडतो, दोन मीटरवर असेल तर फक्त ६ टक्के. मागे व्हा आणि मग लेन्स निवडा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. त्वचा. फोटो दाखवायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या फोटोंत त्वचा घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते आणि वर एक-दोन छटा उजळलेली. का, असं विचारलं की उत्तर येतं, "लोकांना तसंच आवडतं." एखाद्याला आवडतही असेल. पण न मागता एखाद्याचा रंग बदलून देणं म्हणजे त्याला न विचारता त्याच्याबद्दल मत देणं आहे, आणि ते मला मान्य नाही. मुळात फोटोग्राफीच्या तंत्राचा कलच फार काळ एका बाजूला राहिला आहे. फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅक जी संदर्भ-कार्डं पाठवायची, त्यांना शर्ली कार्ड म्हणत. कित्येक वर्षं त्यांवर गोऱ्या बाईचाच चेहरा असायचा. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे एकत्र असलेलं कार्ड आलं ते १९९०च्या दशकात. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर आजही, त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर, समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असंच धरून चालतं. सावळा चेहरा फ्रेमभर घेतला की ते एक्स्पोजर वाढवतं, कपाळावरचे सगळ्यात उजळ भाग पांढरेफटक पडतात, रंग फिका पडतो. ग्रे कार्ड (उजेड मोजायला वापरतात ते करडं कार्ड) वापरून, मीटरवर डोळे झाकून विश्वास न ठेवता तो चेहरा जसा आहे तसा भरदार आणि तेजदार आणणं हे कौशल्याचं काम आहे. एडिटिंगमधला स्लायडर ओढणं सोपं आहे. रीटचिंगचा एक जुना, साधा नियम मी पाळते. दोन आठवड्यांत आपोआप जाणारं असेल, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, तर ते काढायचं. तीळ, व्रण, सुरकुती ही त्या माणसाची आहे. तिला त्याने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

टीका ऐकायची, पण सगळीच मानायची का? ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांची पोर्ट्रेट्स फोकसमध्ये नसतात, काचेच्या निगेटिव्ह प्लेटवर डाग असतात, काम गबाळं आहे, असं त्या काळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी सुनावलं होतं. त्यांनी आपली पद्धत बदलली नाही. १८६८ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांना पोर्ट्रेट स्टुडिओसाठी दोन खोल्या वापरायला दिल्या. हे उदाहरण देऊन माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एकच विचारते. उद्या तसाच फोटो पुन्हा काढून दाखवशील का? कॅमेरॉन यांचा तो हळुवारपणा फोटोमागून फोटोत सापडतो, म्हणजे तो त्यांना हवा होता. पलीकडचा डोळा एका फ्रेममध्ये सॉफ्ट, पुढच्यात शार्प, तिसऱ्यात दोन्ही सॉफ्ट, असं असेल तर त्याला शैली म्हणता येत नाही. जे हवं तेव्हा पुन्हा करता येतं त्यासाठी टीकाकाराशी खुशाल भांडावं.

राहिला तो टीकाकार, ज्याला विचारायला आपण सगळ्यात जास्त कचरतो. फोटोतला माणूस. "नाही आवडला" म्हटलं की फोटोग्राफर लगेच उजेड आणि कॉम्पोझिशन समजावायला लागतो. समजावू नका, "कशात?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. बऱ्याचदा कारण तुमच्या कामात नसतंच. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, आणि फोटोत डाव्या-उजव्या बाजू आरशाच्या उलट दिसतात. १९७७ साली झालेल्या एका अभ्यासात लोकांनी स्वतःचा फोटो आरशासारखा उलटवलेला पसंत केला होता, तर त्यांच्या जवळच्यांनी न उलटवलेला. म्हणून क्लायंट नाराज असेल तर मी स्क्रीनवर तोच फोटो आडवा उलटवून दाखवते. "हा बरा आहे," असं आलं तर कळतं की अडचण आरशातल्या चेहऱ्याच्या सवयीची आहे, आणि मग शांतपणे बोलता येतं. फोटो मात्र उलटवून देत नाही. भांग आणि शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला जातात, घरचे लगेच ओळखतात. आणि उलटवूनही आवडला नाही, तर ते माझ्या कामावरचं मत आहे आणि मला ते ऐकायलाच हवं.

पण हे मत क्लायंट तुम्हाला खरं सांगेल का? पुन्हा शूट करायचं तर पुन्हा पैसे पडणार हे माहीत असेल, तर तो "छान आहे" म्हणेल, फोटो घेऊन जाईल, कुठेही वापरणार नाही आणि परत तुमच्याकडे येणार नाही. म्हणून मी नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगते, दर ठरवतानाच एका फेरशूटचा खर्च त्यात धरा आणि ते शूटच्या आधी स्पष्ट सांगा. सगळेच ती सवलत वापरायला येत नाहीत. जे येतात त्यांचा वेळ आणि आपलाही वेळ जातो, मान्य आहे. पण तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून जे ऐकायला मिळतं ते आपल्याला दुसरं कुणीही सांगणार नसतं.