थायरॉईड एवढा लागतो, मग इंजेक्शन स्टिरॉइडचं का?

ताई, तुमची हरकत थोडक्यात अशी: पोटातल्या बाळाची फुफ्फुसं पिकायला थायरॉईड (म्हणजे त्या ग्रंथीचं हार्मोन) लागतो असं मी मागच्या लेखात लिहिलं, पण भाचीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड टोचलं, थायरॉईडचं नावही काढलं नाही. म्हणजे लेख पुस्तकी, आणि वर गरोदर बायकांना घाबरवणारा.

पुस्तकी म्हणाल, तर थायरॉईडचा हा उपाय बायकांवर करूनही पाहिलाय, आधी मात्र प्राण्यांवर. मेंढीच्या गर्भाची थायरॉईड ग्रंथी काढली की फुफ्फुसं मागे पडतात, सशाच्या गर्भाला थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन) दिलं की लवकर पिकतात, हे १९७०च्या दशकातच दिसलं होतं. वायुकोश मिटू न देणारं सरफॅक्टंट ज्या पेशी बनवतात, त्यांच्यात त्यातला स्निग्ध भाग या हार्मोनमुळे भराभर तयार होतो. पण आईला थायरॉक्सिन देऊन भागत नाही. बरंचसं वारेतच निकामी होतं. मग डॉक्टरांनी आडवाट धरली. टीआरएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं मेंदूतलं हार्मोन, वार सहज ओलांडतं आणि बाळाच्याच ग्रंथीला कामाला लावतं. ऑस्ट्रेलियात १२३४ बायकांच्या चाचणीत ते स्टिरॉइडच्या जोडीला दिलं. १९९५मध्ये निकाल आला: बाळांचा श्वासाचा त्रास कमी व्हायचा सोडून वाढलाच, आयांना मळमळ आणि रक्तदाबाचा ताप वेगळा. १९९८च्या अमेरिकन चाचणीतही फायदा शून्य. विषय संपला.

हार्मोनचं काम खोटं ठरलं असं मात्र मला यातून दिसत नाही. शेवटच्या आठवड्यांपर्यंत गर्भ स्वतःच टी-३ (थायरॉईड हार्मोनचं खरं काम करणारं रूप) खाली दाबून ठेवतो. बाळाचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, चढलं की टी-४चं (म्हणजे थायरॉक्सिनचं) टी-३ होऊ लागतं. शिवाय सरफॅक्टंटमधली प्रथिनं वाढवायला स्टिरॉइडच लागतं, थायरॉईड तिथे उपयोगाचा नाही. तेव्हा भाचीच्या डॉक्टरांनी दिलं ते योग्यच दिलं.

घाबरवण्याबद्दल एवढंच: ज्यांना जन्मतः ग्रंथीच नसते अशी बाळंसुद्धा बहुतेक वेळा दिवस भरून येतात आणि टाहो फोडतात, कारण वारेतून झिरपलेलं आईचं थोडं थायरॉक्सिन त्यांना मिळालेलं असतं. (निसर्ग इतका काटेकोर नाही, नशीब आपलं.) म्हणून भाचीची थायरॉईडची गोळी चालू असेल तर माझा लेख वाचून ती वाढवू नका, आणि चिडून बंदही करू नका. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. पुढच्या खेपेला तर पहिल्या तीन महिन्यांतच टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासून घ्या. तेव्हा बाळाची स्वतःची ग्रंथी चालू झालेली नसते आणि मेंदूची सगळी भिस्त आईवर असते.