विक्री वाढली म्हणजे फायदा झाला का? दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी साइटवर विकतो त्या खेळायच्या-जमवायच्या कार्डांचे भाव ठरवणं सॉफ्टवेअरकडे दिल्यावर विक्री वाढली असं मी लिहिलं खरं, पण त्याच महिन्यात पोकेमॉन कार्डांचा नवा संच आला होता, दिवाळीही होती. मग श्रेय सॉफ्टवेअरला कसं? आणि हर्णैच्या लिलावात मासळीचा भाव माणसंच ठरवतात, तिथे कुठे यंत्र लागतं?

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. फेब्रुवारीतल्या हापूसचा भाव मे महिन्याशी ताडून कोणी दलालाची पारख करत नाही. मी तेच केलं. तो निष्कर्ष मागे घेतो.

आता सगळा स्टॉक साइटवरच्या नोंदीच्या (लिस्टिंगच्या) क्रमांकाने वाटलाय. सम क्रमांक सॉफ्टवेअरचे, विषम माझे. महागडी कार्डं मुद्दाम एका बाजूला घेतली नाहीत, नाहीतर मोजणी तिथेच फसली असती. दिवाळी दोन्ही गटांना सारखीच. आणि विक्रीचा आकडा धरतच नाही; भाव पाडला की विक्री वाढतेच. खरेदी, साइटचं कमिशन, पोस्टेज, सॉफ्टवेअरची वर्गणी वजा जाता हातात काय राहिलं आणि किती दिवसांनी, एवढंच वहीत लिहितो. भाव भरण्यात गेलेले माझे तासही.

समजा ३०० ला घेतलेलं कार्ड सॉफ्टवेअरने चार दिवसांत ४२० ला काढलं, मी तसंच कार्ड चाळीस दिवसांनी ४८० ला. तसं कार्ड पुन्हा ३०० ला मिळत असेल तर सॉफ्टवेअर जिंकलं, कारण पैसा मोकळा होऊन फिरला. पण आज ते घ्यायलाच ४५० पडत असतील, तर ती झटपट विक्री म्हणजे तोटा. म्हणून प्रत्येक विक्रीसमोर त्या दिवशीचा खरेदीभावही लिहितो. हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाव चढत असताना जुन्या दरात गेलेलं कार्ड विक्रीच्या आकड्यात यश म्हणूनच मिरवतं.

लिलावाचं मात्र पटलं नाही. हर्णैला टोपली समोर असते, गिऱ्हाईक समोर असतं, भाव तिथल्या तिथे तुटतो. माझी कार्डं शेकड्यांनी, आणि त्यांचा भाव हलतो परदेशात. २३ सप्टेंबर २०२४ ला मॅजिक या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस या दोन कार्डांवर बंदी जाहीर झाली आणि दोन्हींचे भाव कोसळले. असा धक्का वरच्या दिशेनेही बसतो. स्पर्धेत एखादा डेक, म्हणजे खेळाडूचा कार्डसंच, जिंकला की त्यातली स्वस्त कार्डं मी झोपेतून उठायच्या आत उचलली जातात. तिथे हाताचा वेग पुरत नाही. उलट दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांच्या रुपयाभर खाली जात राहतात, म्हणून किमान भाव मीच बांधून दिलाय.

एका बाबतीत तुमचा माणूसच वरचढ. आमच्याकडे रत्नागिरीत जुलैत कपाटातली फॉइल, म्हणजे चकचकीत थर असलेली, कार्डं धनुष्यासारखी वाकतात. कागद दमट हवा पितो, फॉइलचा थर पीत नाही. सॉफ्टवेअरला त्यातलं काही दिसत नाही, ते ‘नीअर मिंट’चाच, म्हणजे जवळपास नव्या कार्डाचाच, भाव लावत बसतं. असं एक कार्ड गिऱ्हाइकाने परत पाठवलं, जाण्यायेण्याचं पोस्टेज माझ्या अंगावर आलं. ते मी सॉफ्टवेअरच्या गटाच्या खर्चात धरलंय. फॉइल मात्र आता दोन्ही गटांतून बाहेर काढली आहेत. खिडकीपाशी नेऊन, उजेडात आडवी धरून, एकेकाचा भाव मीच लावतो.