डोकं घरी ठेवून?

वकिलाने (तो वकील नाही, वाद घालतो म्हणून नाव पडलं) एकच वाक्य टाकलं, "डोकं घरी ठेवून बघायचे सिनेमे मला झेपत नाहीत," आणि कट्टा पेटला.

"तुला कसली अडचण? तू इथेही आणत नाहीस," पम्या म्हणाला.

मास्तर मात्र तापले. "१९८८चा 'अशी ही बनवाबनवी' घे. खोली फक्त जोडप्यांना मिळणार, म्हणून चौघांतले दोघे बायका होतात. हा येडपटपणा एकदा मान्य केलास की पुढे सगळा हिशेब आहे. खोट्या बायकोला खोटे दिवस जातात, मग खोटे डोहाळेही निभवावे लागतात. कोणाला काय थाप मारलीय, हे बघणाऱ्याने सतत लक्षात ठेवायचं. खुनाच्या सिनेमात याहून कमी काम असतं."

"मिशीवाल्या माणसाला साडी नेसवली तर कुणीही ओळखेल. पटतं का हे?"

"आपल्याला पटायचं कशाला?" सुमी म्हणाली. "पकडलो गेलो तर रस्त्यावर येऊ, हे त्या चौघांना पटलंय ना. अशोक सराफचा चेहरा बघ. विनोद करतोय असं वाटतच नाही, घाम फुटलाय त्याला! नटच डोळे मिचकावून 'बघा, किती गंमत' सांगायला लागला की मी उठते."

"आणि कथा कुठली? हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६," वकील.

"मग? घेतली कथा. हशा थोडाच आयता मिळतो?" मास्तर.

इथे पम्याने त्याचा ठेवणीतला किस्सा काढला, आणि खरं तर अख्ख्या चर्चेत ऐकण्यासारखा तोच होता. बिली वाइल्डरचा १९५९चा 'सम लाइक इट हॉट'. तिथेही दोन पुरुष बायकांच्या वेशात. आपलं लग्न ठरलंय, असं जॅक लेमन मित्राला सांगतो त्या प्रसंगात वाइल्डरने त्याच्या हातात माराकस दिले, म्हणजे खुळखुळेच. एक वाक्य बोलायचं, की खुळखुळे वाजवत गिरकी. का? तर वाक्यावर लोक हसणार आणि त्या हशात पुढचं वाक्य बुडणार. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरच्याला ते जमत नाही. म्हणून हशाची जागा शूटिंगच्या वेळीच मोकळी सोडली.

वकील जरा नरमला. "बरं, कारागिरी मान्य. पण विनोद पाठ झाल्यावरही पुन्हा का हसता?"

"खुनी कळला की रहस्यपट संपला," सुमी म्हणाली. "इथे पुढचं वाक्य माहीत असतं, म्हणून तर त्याची वाट बघायची. त्यातून शेजारी पहिल्यांदाच बघणारा कुणी असेल, तर मी पडद्याकडे बघतसुद्धा नाही."

"ठीक. मग एक सांगा, त्यात पार्वती कोण झालाय? सचिन ना?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "लक्ष्या रे! अरे, तू बघितलाच नाहीयेस!"

"ट्रेलर बघितलाय," वकील म्हणाला.